फोन तुमचा, सही कंपनीची: जुनं व्हर्जन परत का टाकता येत नाही?

हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. एसटीत बसून, हेडफोन नसताना वाचणाऱ्यांसाठी खास.

००:०० – धुळ्याचा फोन

इथे जळगावात मे महिना चालू आहे आणि मी पंखा बंद करून बोलतेय, कारण पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो. उन्हाचं हे रडगाणं उगाच गात नाहीये. शेवटी ते कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आजचा विषय धुळ्याहून आला. माझा आतेभाऊ देवपूरला राहतो. वय एकवीस. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी बाईकवर घरपोच जेवण पोहोचवायचं काम. त्याच्याकडे सेकंडहँड आयफोन एक्सआर आहे. पै पै जमवून घेतलेला, त्यामुळे जीव की प्राण. परवा सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, रात्री अपडेट टाकलं आणि सकाळपासून फोन हँग मारतोय. मॅप उघडेपर्यंत कस्टमरचे दोन कॉल येऊन जातात. मला जुनं व्हर्जन परत टाकायचंय."

म्हटलं, मग अडलंय कुठे? तर भाऊने सगळं करून बघितलेलं होतं. मित्राच्या लॅपटॉपवर रात्रभर जुन्या व्हर्जनची फाईल उतरवली, कित्येक जीबीची. केबल लावली, रिस्टोर दाबलं आणि स्क्रीनवर संदेश आला की हे व्हर्जन या फोनसाठी पात्र नाही. कुणाला एरर ३१९४ दिसते, कुणाला हे वाक्य. सगळ्याचा अर्थ साधारण एकच.

मग त्याला कुणीतरी एक "एक्सपर्ट" सापडला. पंधराशे रुपयांत जुनं व्हर्जन टाकून देतो म्हणाला. पाचशे आधी, यूपीआयवर. वर फोनचा पासकोड आणि ॲपल आयडीचा पासवर्डही हवा. आतेभाऊ पैसे पाठवायच्या बेतात होता. मी म्हटलं, थांब जरा, आधी मला सांगू दे. तेव्हा तो अहिराणीत चिडून एक वाक्य बोलला. घरच्या माणसाशी वाद घालताना तो नेहमी अहिराणीवर येतो.

"ताई, मन्हा फोन मन्हा नही का?"

माझा फोन माझा नाही का? पैसे मी दिले, फाईल कंपनीनेच बनवलेली आहे, मग ती माझ्या फोनमध्ये का जात नाही?

प्रश्न एकदम बरोबर आहे. आजचा सगळा भाग त्याच्या उत्तराचा.

०३:२० – फाईल सगळ्यांची, नंबर तुमचा

आधी दोन शब्द. फर्मवेअर म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागं होणारं आणि पुढचं सगळं चालवणारं सॉफ्टवेअर. बोलताना आपण त्यालाच "व्हर्जन" म्हणतो. नवीन टाकलं तर अपडेट, जुन्यावर मागे गेलो तर डाउनग्रेड.

आता फाईल. आयफोन एक्सआरसाठी एखाद्या व्हर्जनची जी फाईल असते, ती जगातल्या सगळ्या एक्सआरना सारखीच. धुळ्याला वेगळी, दुबईला वेगळी असं काही नाही. ती सहज सापडते, उतरवता येते. म्हणजे अडचण फाईलची नाही.

अडचण एका नंबरची आहे. प्रत्येक आयफोनच्या प्रोसेसर चिपमध्ये कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो. त्याला ईसीआयडी म्हणतात, एक्सक्लुझिव्ह चिप आयडेंटिफिकेशन. ६४ बिटांचा नंबर, एकदा लिहिला की पुसता येत नाही. शेजारी शेजारी तयार झालेल्या दोन चिपांचा ईसीआयडीसुद्धा वेगळा. फोन फॉरमॅट करा, सिम बदला, स्क्रीन बदला, बॅटरी बदला, नंबर तोच राहतो. मदरबोर्डच बदलला तर मात्र चिप नवी आणि नंबरही नवा.

इथे बरेच जण गोंधळतात, म्हणून सांगते. *#०६# डायल केल्यावर जो दिसतो तो आयएमईआय, १५ आकडी. तो मोबाईल नेटवर्कसाठी असतो. फोन चोरीला गेला तर संचार साथी पोर्टलवरून आपण जो ब्लॉक करतो तो आयएमईआय. सीरियल नंबर असतो वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटरसाठी. ईसीआयडी मात्र चिप आणि तिची कंपनी यांच्यातला नंबर आहे. आपल्याला रोज दिसत नाही, पण फोनवर कोणतं व्हर्जन चढणार हे ठरवताना तोच विचारला जातो.

बघायचाच असेल तर फोन कॉम्प्युटरला जोडा आणि आयट्यून्समध्ये जिथे सीरियल नंबर दिसतो त्यावर क्लिक करत राहा, नंबर बदलत जातात, त्यातच ईसीआयडी येतो. बघा, पण त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. तो पासवर्ड नाही, पण तुमच्या फोनची कायमची ओळख आहे, आणि कायमची ओळख गावभर वाटायची नसते.

०६:४५ – तहसीलचा दाखला

हा नंबर नेमका वापरतात कसा? शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलेल्या सगळ्यांना हे लगेच कळेल.

उत्पन्नाचा दाखला आठवा. दाखल्याचा नमुना सगळ्यांना सारखाच. कोरा नमुना तुम्ही कुठूनही मिळवाल, झेरॉक्सवाल्याकडेही मिळेल. पण त्या कोऱ्या कागदाला किंमत शून्य. त्यावर तुमचं नाव आणि तहसीलदारांची सही आली की तो दाखला. आणि शेजारच्या पोराचा दाखला तुम्ही जोडलात तर चालेल का? नाही. तुमचाच, पण तीन वर्षांपूर्वीचा जोडला तर? तोही परत येतो.

आयफोनचं अगदी असंच आहे. तुम्ही रिस्टोर दाबलं की कॉम्प्युटर फोनला तीन गोष्टी विचारतो. मॉडेल कोणतं? ईसीआयडी काय? आणि आत्ताचा नॉन्स सांग. नॉन्स म्हणजे फोनने त्या वेळेपुरता तयार केलेला एक यादृच्छिक आकडा. समजा सेतू केंद्राच्या खिडकीवर आज मिळालेला टोकन नंबर. उद्या गेलात तर टोकन वेगळा.

या तिन्ही गोष्टी, आणि टाकायच्या व्हर्जनमधल्या प्रत्येक तुकड्याचा डिजिटल ठसा, एवढं सगळं ॲपलच्या सर्व्हरकडे जातं. सर्व्हर बघतो की या मॉडेलसाठी या व्हर्जनला आज परवानगी आहे का. असेल तर त्या ठशांना तुमचा ईसीआयडी आणि नॉन्स जोडून त्यावर कंपनीची डिजिटल सही करून परत पाठवतो. नसेल तर सरळ नकार.

पुढची तपासणी फोन स्वतः करतो. चिपमध्ये बूटरॉम नावाचा एक भाग असतो. त्यातला कोड आणि ॲपलची सही ओळखणारी चावी कारखान्यातच बसवलेली, नंतर बदलता येत नाही. फोन सुरू होताना बूटरॉम पुढच्या टप्प्याची सही तपासतो, तो टप्पा त्याच्या पुढच्याची, अशी साखळी. सही खोटी? थांबा. ईसीआयडी दुसऱ्याचा? थांबा. टोकन जुना? थांबा.

म्हणून मित्राच्या एक्सआरवर जुनं व्हर्जन मस्त चालत असलं तरी ते उचलून तुमच्यात टाकता येत नाही. त्याची सही त्याच्या चिपची आहे.

आता महत्त्वाचं. नवीन व्हर्जन आलं की कंपनी आधीच्या व्हर्जनला सही देणं काही दिवसांनी बंद करते. बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांत. तेवढ्या काळात कुणीही अधिकृतपणे मागे जाऊ शकतं, कसलाही जुगाड न करता. एकदा खिडकी बंद झाली की फाईल हातात असूनही उपयोग नाही. माझ्या आतेभावाने उतरवलेलं व्हर्जन कित्येक महिन्यांपूर्वीचं होतं. त्याची खिडकी कधीच बंद झालेली.

आणि एक गंमत ऐका. तेच आत्ताचं व्हर्जन पुन्हा टाकायचं असलं, तरीही सही लागते. सर्व्हरने हो म्हटल्याशिवाय रिस्टोर होतच नाही.

११:१० – सह्या जपून ठेवणारी पोरं

हे सगळं पहिल्यापासून इतकं कडक नव्हतं. २००९ साली आयफोन थ्रीजीएस आला, तेव्हापासून ईसीआयडीवर आधारित सही सुरू झाली. त्या काळी सहीत नॉन्स नव्हता. म्हणजे दाखल्यावर नाव होतं, पण टोकन नव्हता. मग जगभरच्या हुशार मंडळींनी काय केलं? खिडकी उघडी आहे तोवर आपल्या चिपची सही मागून घ्यायची आणि जपून ठेवायची. पुढे कधी मागे जायचं झालं तर तीच जुनी सही फोनला दाखवायची. या जपलेल्या सह्यांना ते एसएचएसएच ब्लॉब म्हणायचे.

सिडिया बनवणाऱ्या जे फ्रीमन यांनी, ज्यांना लोक सॉरिक नावाने ओळखतात, २००९ मध्येच अशा सह्या साठवणारा एक सर्व्हर उभा केला. कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ घातली की कॉम्प्युटर ॲपलऐवजी त्या सर्व्हरला सही मागायचा. आजही एरर ३१९४ आली की होस्ट्स फाईल तपासा असा सल्ला मिळतो, त्याचं मूळ हे आहे.

२०११ मध्ये आयओएस ५ आलं आणि सहीत नॉन्स आला. टोकन सुरू झाला म्हणा ना. आता जपलेली जुनी सही दाखवली तर फोन म्हणतो, माझा आजचा टोकन यावर नाही. त्यावरही पळवाटा निघाल्या. २०१८ च्या ए१२ चिपपासून, म्हणजे आपल्या एक्सआरपासूनच, नॉन्स त्या त्या चिपच्या आतल्या गुप्त चावीशी गुंफला गेला. वाट आणखी अरुंद झाली.

मध्ये एक मोठा धक्का बसला. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲक्सिओमएक्स नावाने काम करणाऱ्या एका संशोधकाने चेकमेट नावाची त्रुटी जाहीर केली. ती थेट बूटरॉममध्ये होती. बूटरॉम बदलता येत नाही, म्हणजे विकलेल्या फोनमध्ये ती अपडेटनेही दुरुस्त होत नाही. ए५ ते ए११, म्हणजे आयफोन ४एसपासून आयफोन १०पर्यंतचे फोन त्यात आले. एक्सआर ए१२ वर आहे, त्यामुळे थोडक्यात बाहेर राहिला. आणि जिथे ती त्रुटी आहे तिथेही मागे जाणं सरळ नाही. टच आयडी, फेस आयडी, पासकोड सांभाळणारी सिक्युअर एन्क्लेव्ह नावाची वेगळी यंत्रणा असते, तिचं स्वतःचं फर्मवेअर असतं, त्याचंही जुळावं लागतं.

एवढं का सांगितलं? कुणी "मी करून देतो" म्हणालं तर त्याला विचारायला तुमच्याकडे प्रश्न असावा म्हणून. प्रश्न एकच: "या व्हर्जनला आज सही मिळतेय का?" मिळत असेल तर ते काम तुम्ही घरी फुकट करू शकता. मिळत नसेल तर एक्सआरसारख्या फोनवर तो नेमकं काय करणार आहे, ते त्याला सांगता आलं पाहिजे. आमच्या "एक्सपर्ट"ला आतेभावाने हा प्रश्न विचारला. तिकडून उत्तर आलं नाही, फक्त यूपीआयचा क्यूआर कोड पुन्हा आला.

१५:३० – अँड्रॉइडवाल्यांनो, हसू नका

आता अँड्रॉइडवाले म्हणतील, आमचं बरं आहे. थांबा.

तिकडची पद्धत वेगळी आहे, पण कुलूप आहेच. तिथे साधारणपणे चिपच्या नंबरवर सही न करता मोजणी ठेवतात. प्रत्येक फर्मवेअरला एक पातळी असते आणि फोन आपल्याकडे नोंद ठेवतो की मी या पातळीपर्यंत आलोय. त्याखालचं काही आलं तर नको म्हणायचं. याला अँटी-रोलबॅक म्हणतात. काही चिपांमध्ये ही नोंद ई-फ्यूजने होते, म्हणजे चिपमधला एक बारीक फ्यूज कायमचा उडवला जातो.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे भरिताचं वांगं आहे. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं की भाजलं, परत कच्चं होत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं भारतीय उदाहरण रेडमी नोट ५ प्रो. फेब्रुवारी २०१८ मध्ये आला, आणि तेव्हा कॉलेजात दर दुसऱ्या खिशात तोच असायचा. त्याच वर्षी एका अपडेटमधून त्यात अँटी-रोलबॅक आलं. ज्यांनी सवयीप्रमाणे जुनी रॉम फ्लॅश केली, त्यांच्यातल्या अनेकांचे फोन ब्रिक झाले. ब्रिक म्हणजे वीट. चार्जर लावा, बटण दाबा, काही नाही. आणि अशा मेलेल्या फोनला खालच्या पातळीवरून उठवायचं तर शाओमीचं अधिकृत सर्व्हिस अकाउंट लागायचं, ते आपल्यासारख्यांकडे नसतं.

इथे एक फरक नीट समजून घ्या. आयफोनवर मागे जायला गेलात तर बहुतेक वेळा नुसता नकार मिळतो, फोन जिवंत राहतो. मोजणीवाल्या फोनवर चुकीची फाईल जबरदस्तीने ढकलली तर फोन मरूही शकतो.

सॅमसंगवाल्यांसाठी एक सोपी खूण आहे. सेटिंगमध्ये बिल्ड नंबर बघा. शेवटून पाचवं अक्षर ही बूटलोडरची पातळी. टाकायच्या फाईलमध्ये ते तुमच्यापेक्षा खालचं असेल तर फोन घेणार नाही. पिक्सेलमध्येही ऑगस्ट २०२२ मध्ये हेच झालं. पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर एकदा अँड्रॉइड १३ चढलं की १२ वर परतीचा रस्ता बंद.

१८:५० – मग हे कुलूप कुणासाठी?

आतेभावाचा प्रश्न अजून बाकीच आहे. मन्हा फोन मन्हा नही का?

आधी कंपन्यांची बाजू. जुन्या व्हर्जनमध्ये सुरक्षेच्या त्रुटी असतात. नवीन व्हर्जन आलं की कोणत्या त्रुटी दुरुस्त केल्या याची यादीही जाहीर होते. म्हणजे जुनं व्हर्जन कुठून फोडता येईल याचा पत्ताच जगाला मिळतो. आता समजा मागे जायला कुणालाही मोकळीक आहे. तुमचा फोन जत्रेत चोरीला गेला. चोर त्यात तीन वर्षांपूर्वीचं, फोडता येणारं व्हर्जन टाकतो आणि आतलं काढायचा प्रयत्न करतो. आत काय आहे? बँक, यूपीआय, घरचे फोटो, बहिणीचे, मैत्रिणीचे मेसेज. चिपच्या नंबरची ही सही चोराला त्या दारातच अडवते. हा फायदा खरा आहे.

आता दुसरी बाजू. कुलपाची चावी माझ्याकडे नाही, कंपनीकडे आहे. फोन मी विकत घेतला, पण त्यावर कोणतं व्हर्जन चालेल हे आजही एक सर्व्हर ठरवतो. नवीन व्हर्जनवर माझं एखादं जुनं ॲप चाललं नाही, मला नवीन आवडलं नाही, जुन्या फोनला ते जड झालं, तरी दोन आठवड्यांनंतर माझ्या मताला किंमत नाही. चोराला अडवणारं कुलूप मालकालाही अडवतं, कारण दारात मालक उभा आहे की चोर, हे कुलपाला कळत नाही.

माझं मत विचाराल तर सही असावी, नॉन्सही असावा, पण खिडकी दोन आठवड्यांऐवजी चांगली काही महिने उघडी असावी. निदान परीक्षेच्या आणि कामाच्या दिवसांत फसलेल्या माणसाला परतायला वेळ मिळेल. तेवढ्या काळात थोडा धोका राहील, मान्य. पण तो पत्करायचा की नाही, हे मला ठरवू द्या.

तर आतेभावाला मी उत्तर दिलं ते असं: फोन तुझा आहे, पण त्याच्या सहीचा अधिकार तुझा नाही. आणि हे घेण्याआधी कुणी सांगत नाही.

२२:४० – रविवारी धुळ्यात

आता फोनचं पुढे काय झालं ते ऐका. रविवारी मी पारोळ्यावरून एसटीने धुळ्याला गेले. आत्याच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली आणि फोन हातात घेतला.

पहिलं काम, सेटिंगमध्ये बॅटरी आणि मग बॅटरी हेल्थ. आकडा ७३ टक्के. खाली संदेश होता की बॅटरी पुरेशी पॉवर देऊ शकली नाही म्हणून फोन एकदा अचानक बंद पडला होता, आणि आता परफॉर्मन्सवर नियंत्रण लावलं आहे. म्हणजे फोन पुन्हा बंद पडू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करून चालत होता.

मी विचारलं, फोन लावतोस कुठे? म्हणे, बाईकच्या हँडलला, होल्डरमध्ये. देवपूर ते पाचकंदील, पाचकंदील ते देवपूर, पांझरा ओलांडत, उन्हं कलायच्या आधीपासून. वर मॅप चालू, ब्राइटनेस फुल, पॉवरबँक जोडलेली.

आता सुरुवातीचं ऊन आठवा. ॲपल स्वतः सांगते की आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, त्याहून जास्त गरमीत बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात ३५ अंश म्हणजे गार वारा सुटला असं म्हणतात! त्यात एक्सआरच्या काळातली बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता टिकेल अशी बनवलेली. सेकंडहँड फोन, त्याचे ५०० कधीच होऊन गेलेले.

आणि अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस फोन आतल्या आत फोटो आणि फाईलींची नव्याने जुळवाजुळव करत असतो, त्यामुळे बॅटरीवर जास्त ताण येतो. दमलेल्या बैलाला चढावर गाडी ओढायला लावली. बैल बसला आणि दोष चढाला.

अपडेटने फोन स्लो होतो ही तक्रार निव्वळ भ्रम नाही, हेही सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं होतं की जुन्या बॅटरीच्या काही आयफोनचा वेग त्यांचं सॉफ्टवेअर कमी करतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. त्यावर जगभर बोंब झाली. मग २०१८ मध्ये आयओएस ११.३ पासून ही बॅटरी हेल्थची स्क्रीन आपल्याला मिळाली. म्हणजे ज्या स्क्रीनने आतेभावाचे पैसे वाचवले, ती लोकांनी आवाज केला म्हणून आली.

बॅटरी बदलली. डाउनग्रेडला जे पैसे जाणार होते त्यात थोडी भर घातली, एवढंच. फोन परत पळायला लागला, त्याच नवीन व्हर्जनवर. ईसीआयडी तोच, व्हर्जन तेच, फक्त बैल ताजा. आणि पासकोड कुणाला द्यावा लागला नाही.

२६:०० – तुम्ही काय करायचं

अपडेट दाबण्याआधी बॅकअप घ्या. कामाच्या ॲपवर पोट असेल तर चार दिवस थांबा, तेच ॲप वापरणाऱ्या कुणाला तरी विचारा. परीक्षेच्या किंवा लग्नाच्या आदल्या रात्री अपडेट करू नका. आपोआप होणारं अपडेट सेटिंगमधून बंद करता येतं. पण महिनोन्महिने टाळूही नका, सुरक्षेची दुरुस्ती त्यातूनच येते.

अपडेटनंतर त्रास झाला तर आधी दोन दिवस द्या आणि बॅटरी हेल्थ बघा. तरीही मागेच जायचं असेल तर लगेच ठरवा, कारण खिडकी काही दिवसांचीच असते. मागे जाताना फोन पूर्ण पुसला जातो आणि नवीन व्हर्जनवर घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर परत घेता येत नाही. म्हणून अपडेटच्या आधीचा बॅकअप वेगळा जपा.

सेकंडहँड फोन घेताना तीन गोष्टी बघा. बॅटरी हेल्थ. आधीच्या मालकाचा ॲपल आयडी किंवा गुगल अकाउंट निघालंय का. आणि आयएमईआय. इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा, फोन ब्लॉक केलेला आहे का ते कळतं. आणि कुणी "आयएमईआय बदलून देतो" म्हणालं तर तिथून निघा. तो जुगाड नाही, गुन्हा आहे.

आणि पासकोड कुणालाही देऊ नका. अगदी ताईलाही नाही. रविवारी आतेभावाने फोन स्वतःच उघडून माझ्या हातात दिला. म्हटलं, शाब्बास!

चला, आता पंखा लावते. तुमच्या फोनने कधी असा हट्ट केला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, अहिराणीत पाठवलीत तर आधी ऐकेन. भेटू पुढच्या भागात. फोन सावलीत ठेवा, पाणी पीत राहा!